काडी, केरसुणी आणि धर्म

जळगावहून निघालेली एसटी नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूरला थांबली की उतरा. तिकिटाच्या खिडकीकडे मात्र वळू नका. आज तुम्हाला लेणी बघायची नाहीत, तिथे राहायचंय. तेव्हा मोबाईल इथेच ठेवा. गॉगल, टोपी, पाण्याची बाटली, पाकीट, सगळं ठेवा. केससुद्धा. हो, केस. डोक्यावरून हात फिरवून बघा: गुळगुळीत झालंय, आणि कानामागे वस्तरा जरा खोल गेला तिथे घाम लागून चुरचुरतंय. अंगावर गेरूच्या रंगाची तीन वस्त्रं, खांद्याला भिक्षापात्र, एक वस्तरा, एक सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. तुमची सगळी इस्टेट एवढीच.

आता मागे चला, पंधराशे वर्षांहून थोडं जास्तच. डांबरी रस्ता संपला. केळीचे मळे गेले, ठिबकच्या नळ्या गेल्या. गादीवर वाकाटकांचा हरिषेण आहे. त्याचं राजकारण त्याला करू द्या, आपल्याला दुपारच्या आत जेवण गाठायचंय. तुम्ही आता जळगावचे नाही, धुळ्याचेही नाही. तुम्ही तुखार देशातले, बदख्शानच्या डोंगराकडचे, वीस वर्षांचे नवेकोरे भिक्षू आहात आणि धर्म शिकायला परदेशी आला आहात.

धर्म शिकायला परदेशी गेलेला आपला माणूस म्हटला की विठ्ठल रामजी शिंदे आठवतात. ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. आज गाडी उलटी धावणार आहे. आज परदेश म्हणजे आपला खानदेश. त्याला इथले लोक ऋषीक देश म्हणतात.

गलबतातून तुम्ही भडोचला उतरलात आणि पूर्वेकडे निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा गाठलात. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवहीत लिहिलेलं आहे. तुमचा तांडा मात्र कोंडाईबारी चढून पूर्वेला वळला. पांझरा ओलांडताना घोटाही भिजला नाही. गिरणेच्या पात्रात बैलांनी वाळू हुंगली आणि नाइलाजाने पुढे चालू लागले. वैशाख आहे. पंचेचाळीस अंशांचं कौतुक जळगावकराला कुणी सांगू नये, पण तुमचं आजचं अंग वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर वाढलंय. वारा तोंडावर येतो तेव्हा तुम्हाला वाटतं कुठेतरी आग लागली असणार. तुम्ही मागे वळून बघता आणि तांडेवाले हसतात. काळी जमीन फाटली आहे, एकेका भेगेत हात कोपरापर्यंत जाईल. लोखंडी भिक्षापात्र एवढं तापलंय की ते उपरण्यात गुंडाळून धरावं लागतं. आणि ज्या मुलखाला तुम्ही जन्मभर आपला म्हणालात, तिथल्या एकाही माणसाचं बोलणं तुम्हाला कळत नाही.

मुक्कामावर चुलीचा धूर दिसला की भरिताची आठवण येईल. वांगं मिळेल. हिरवी मिरची नाही मिळणार. तिला समुद्र ओलांडून इथे यायला अजून हजार वर्षं आहेत. शेंगदाणाही तिच्याच मागून येणार. लसूण आहे, पण तो तुम्हाला चालत नाही. भिक्षूने लसूण खायचा तर आजारपणात, औषध म्हणून. खानदेशात यायचं आणि मिरची नाही, दाणे नाहीत, लसूण नाही. काळाच्या प्रवासातले बाकी सगळे धक्के यापुढे किरकोळ.

वाघूर वळण घेते तिथे डोंगर दिसायच्या आधी आवाज येतो. टक् टक् टक्, मग क्षणभर काही नाही, मग शंभर ठिकाणांहून एकदम. कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, त्यामुळे एका टोकाला मारलेला घाव दुसऱ्या टोकावर आपटून परत येतो आणि कोण कुठे खोदतंय ते कळत नाही. नदी आटली आहे, डोहांपुरती उरलीय. हीच वाघूर पुढे तुमच्या काळात धरणात अडून जळगावच्या नळाला येणार आहे; सध्या तिच्यात गाढवं डुंबताहेत. काठाने झोपड्या. लोहाराचा भाता फुसफुसतोय, कारण काळ्या दगडावर छिन्नीचं तोंड टिकत नाही, पोरं बोथट छिन्न्यांच्या मोळ्या आणतात आणि तापवून ठोकलेल्या घेऊन वर पळतात. एकीकडे चार माणसं गुडघाभर चिखल तुडवताहेत: लाल माती, बारीक खडी, भाताचं तूस, चिरलेलं गवत. तो भिंतीचा गिलावा. त्याचा आंबूस वास, गाढवांच्या लिदीचा, तापल्या लोखंडाचा, तिळाच्या तेलाचा, आणि कड्यावर लटकलेल्या आग्या मोहोळांखालून जाताना मधाचा. मोहोळांखाली सगळेच आवाज खाली करून बोलतात. अजिंठा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शांत, ध्यानस्थ, अर्ध्या उजेडातलं काहीतरी येतं. कॅलेंडरवाल्यांनी आपली फसवणूक केली आहे. तुम्ही आलात ते एका प्रचंड बांधकामावर, आणि ते बांधकाम वरून खाली चाललंय: आधी छत, मग खांब, सर्वांत शेवटी पायाखालची जमीन.

प्रत्येक लेण्याला नदीपासून वर जाणारा स्वतःचा जिना आहे. तुमचा जिना १७ नंबरचा (हे नंबर फार पुढे पडले, आपण सोयीसाठी वापरू). शेजारच्या १६ नंबरच्या वाटेवर दोन दगडी हत्ती बसलेत. सातव्या शतकात युआन श्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला. अशाच एका डोंगरातल्या विहाराच्या दाराशी दगडी हत्ती असल्याची नोंद त्याने केली आहे. इथल्या माणसांबद्दलही त्याने लिहिलंय: उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात. यात खानदेशातल्या कुणाला काही दुरुस्ती सुचवायची असेल असं वाटत नाही.

वर पोचलात की थेट आत शिरू नका. नव्याने आलेल्या भिक्षूने काय करायचं याचे नियम ठरलेले आहेत आणि ते इतके बारीक आहेत की वाचताना हसू येतं, पण पाळताना बरं वाटतं, कारण परक्या जागी हात कुठे ठेवायचे हेही माणसाला सुचत नसतं. वहाणा काढा, खाली वाकून आपटा, धूळ झाडा. डोक्यावरचं वस्त्र खाली घ्या. पाय धुवा. मग विचारा: प्यायचं पाणी कोणतं, वापरायचं कोणतं? लघवीला कुठे जायचं? भिक्षेला कुठल्या गावात जायचं, कुठल्या घरी जायचं नाही? आणि रिकामी खोली दाखवली तर दार वाजवा, थोडं थांबा, बाहेरूनच आत डोकावून बघा, मग पाऊल टाका. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, या नियमाची गोष्ट आहे: एक भिक्षू घाईने आत गेला आणि दाराच्या चौकटीवरून साप त्याच्या खांद्यावर पडला. तो ओरडला. तेव्हापासून बाकीच्यांनी थांबायचं. तुम्हीही थांबता. साप नाही. एक पाल आहे, ती तुमच्याकडे बघते आणि जात नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र तुम्ही विचारायच्या आधीच इथे सुटलाय. या लेण्याचा दाता ऋषीक देशाचा राजा. त्याने दानाच्या लेखात विहाराबरोबर पाण्याच्या टाक्याचंही वर्णन कोरून ठेवलंय: गोड, हलकं, स्वच्छ, गार आणि भरपूर. वैशाखात इथे आलेल्या माणसाला राजाचा मोठेपणा पटतो तो याच ओळीवर. धाकट्या भावाच्या मृत्यूने हा राजा खचला होता, हेही त्याच लेखात आहे. टाक्यात पात्र बुडवा, फडक्यातून गाळा, प्या. दात ठणकतात इतकं गार. त्या क्षणी तुम्ही बदख्शानला पोचून परत येता.

तुम्हाला एक म्हातारे उपाध्याय नेमून दिले जातात. त्यांच्यापुढे एक खांदा उघडा ठेवून उकिडवं बसायचं, हात जोडायचे आणि तीनदा म्हणायचं की मला आश्रय द्या. ते मान हलवतात. पुढली पाच वर्षं तुम्ही त्यांच्या छायेखाली. तुमच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू आहे: स्कंध, आयतन, शून्यता, वादसभा. पुढे दिङ्नागासारखा तर्कपंडित या परिसरात राहत असे, असं युआन श्वांगने ऐकलं होतं. तशा एखाद्या डोक्याशी उद्या सकाळी गाठ पडणार या आनंदात तुम्ही दगडावर चटई टाकून झोपता. खोलीला दार एक, खिडकी नाही. दिवसा तापलेला कडा रात्रभर तुमच्या अंगाशी ऊब टाकत राहतो. वटवाघळं. दूर कोल्हे. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपेत सूत्र म्हणतंय.

उद्या सकाळ होते ती अंधारातच. आणि अभ्यास सुरू होतो तो काडीने.

उपाध्याय उठायच्या आत तुम्ही उठायचं, वहाणा काढून ठेवायच्या, त्यांच्या हातात दातवणाची काडी द्यायची. पाली विनयात काडीची लांबीसुद्धा ठरलेली आहे: आठ बोटांहून लांब नको, कारण काही उनाड भिक्षू लांब काड्यांनी लहान श्रामणेरांना (शिकाऊ पोरांना) झोडपत; चार बोटांहून आखूड नको, कारण एकाच्या घशात आखूड काडी अडकली होती. मग तोंड धुवायला पाणी. मग आसन. पेज असेल तर पात्र धुऊन पेज आणायची. पेज पिऊन झाली की पात्र घ्यायचं, खाली धरून, घासटू न देता धुवायचं, उन्हात थोडं वाळवायचं, पण उन्हात विसरून जायचं नाही. ते ठेवताना आधी पलंगाखाली हात फिरवून बघायचं की आणखी काही नाही ना, आणि नुसत्या जमिनीवर कधीच ठेवायचं नाही. चीवराची घडी घालायची ती काठावर काठ जुळवून नाही: चार बोटं सोडून. का? रोज त्याच ठिकाणी मोड पडला तर वस्त्र मधोमध विरतं.

ही घडी तुम्हाला पहिल्या दिवशी जमत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जुळवून घडी घालायची हाताची सवय आईपासूनची. हात आपोआप काठ गाठतात. उपाध्याय काही बोलत नाहीत, घडी उलगडतात आणि परत तुमच्या हातात देतात. चार बोटं. पुन्हा. त्यांचं चीवर जुनं आहे, तुकडे जोडून शिवलेलं, आणि उजेडापुढे धरलं तर त्यावर मोडाच्या कितीतरी फिकट रेघा दिसतात, शेजारीशेजारी, एकही दुसरीवर न पडलेली. मला विचाराल तर त्या आठवड्यात तुम्हाला वाचायला मिळालेलं पहिलं शास्त्र तेच.

झाडणं तर विचारू नका. जाळी-जळमटं आधी छताची काढायची, मग भिंती, मग जमीन. चटई बाहेर नेताना दाराला घासता कामा नये. केर वाऱ्याच्या बाजूला टाकायचा नाही. आणि वर खोदकाम चालू असल्यामुळे झाडून पाठ वळवली की पुन्हा सगळ्यावर दगडाची पूड. दातांत पूड, पापण्यांवर पूड. तुमच्या मनात येतं की यासाठी मी समुद्र ओलांडला? नालाच्या पार पलीकडच्या टोकाला, २६ नंबरला, बुद्धभद्र नावाचे भिक्षू मोठं चैत्यगृह कोरून घेताहेत. अश्मकाच्या मंत्र्याचे ते स्नेही. कामावर देखरेख धर्मदत्त नावाचे भिक्षू आणि बुद्धभद्रांचे शिष्य भद्रबंधू यांची. तिथल्या लेखात दोघांची नावं आहेत. म्हणजे भद्रबंधूसुद्धा तुमच्यासारखाच शिष्य, आणि त्याचा धर्माभ्यास म्हणजे पाथरवटांची कामं बघणं. तुम्हाला केरसुणी मिळाली यात समाधान माना.

भिक्षेचं तसं सोपं आहे, निदान परदेशी माणसाला. मागायचं नसतंच. गावात शिरायचं, नजर जोखडाएवढ्या अंतरावर जमिनीला, दारापुढे गप्प उभं राहायचं. कुणी वाढलं तर घ्यायचं, नाही तर पुढच्या दारी. एक अक्षर बोलावं लागत नाही. भाषा न येणाऱ्यासाठी याहून दयाळू नियम मला ठाऊक नाही. तुमच्या पुढे, फार जवळ नाही आणि फार लांब नाही, उपाध्याय चालताहेत. मागे एक श्रामणेर पोरगा, इथल्याच गावचा. कावळे हाकलण्याएवढा मोठा झाला की पोराला श्रामणेर होता येतं. हा तेवढाच आहे, आणि अजूनही कावळा दिसला की त्याचा हात दगडाकडे जातो. गाव म्हणजे कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, दळणाची घरघर, म्हशी. पात्रात ज्वारीची भाकरी पडते, वर उडदाचं घट्ट वरण, कुठे ताकातली भाजी, सगळं एकात एक. तुम्ही गहू आणि वाळलेल्या जर्दाळूंवर वाढलेले. पहिला घास घशात फिरतो. ज्वारी चावताना खरखरते, मग हळूहळू गोड लागते. सूर्य डोक्यावर यायच्या आत संपवायचं. त्यानंतर उद्यापर्यंत अन्न नाही. दुपारी पोट बोलायला लागतं तेव्हा मध्येच कळतं की शेजारच्या भिक्षूचंही बोलतंय.

पाठांतर संध्याकाळी. पोथ्या आहेत, पण त्या पेटीत. विद्या माणसाच्या तोंडात. उपाध्याय एक ओळ म्हणतात, तुम्ही म्हणता. पुन्हा. तुमच्या संस्कृताला तुखाराचा हेल आहे, आणि श्रामणेर पोरगा खांबाआड बसून तुमची नक्कल करतो. इतकी हुबेहूब की उपाध्यायांच्या ओठाचा कोपरा हलतो. अर्थ? अर्थ अजून कुणी सांगितलेला नाही. तुम्ही एकदा विचारलंत. ते म्हणाले, आधी जागा तर होऊ दे त्याला.

मधले दिवस झपाझप जातात. त्यात एकदा १० नंबरचं चैत्यगृह पाहून या. तुम्ही पाचव्या शतकात आहात, तरी हे तुमच्याहीपेक्षा पाचशे वर्षांनी जुनं आहे. आत शिरल्यावर भिक्षू आवाज उतरवतात तो त्याच्या वयाला मान म्हणून. खांबावर हात ठेवा. जॉन स्मिथ नावाच्या गोऱ्या कप्तानाने १८१९ मध्ये आपलं नाव खरडलं तो खांब अजून कोरा आहे. लिहायचा मोह आवरा.

आणि रंगाऱ्यांकडे एकदा जायलाच हवं. आतला अंधार इतका गडद की दिव्याच्या वातीपुढचा वीतभर तुकडा तेवढा दिसतो, बाकी नुसता माणसांचा श्वास. गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात दिलाय, त्यावर तांबड्या रेघेने आकृत्या उठताहेत: एक हत्ती, एक बाई मागे वळून बघणारी, निमुळत्या टोप्या घातलेली माणसं. टोप्यांपाशी तुम्ही थबकता. तशा टोप्या तुमच्या तांड्यातल्या व्यापाऱ्यांच्या होत्या. रंगारी तुमच्या नाकाकडे निरखून बघतो, मग भिंतीकडे, आणि एका टोपीखालच्या नाकाला जरा बाक देतो. परवानगी कुणी विचारत नाही.

खाली एक पोरगा पाट्यावर रंग वाटतोय. तांबडा गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना: बहुतेक सगळं आसपासच्या मातीतलं, म्हणून ढिगांनी पडलेलं. एका कोपऱ्यात मात्र मुख्य कारागीर स्वतः बसलाय आणि त्याच्यापुढे सुपारीएवढा दगड आहे. लाजवर्द. तुम्ही तो दुरून ओळखता, कारण तो तुमच्या डोंगरातला आहे. बदख्शानच्या खाणीबाहेर तो कुठे असा मिळत नाही. लहानपणी तुमच्या गावावरून त्याच्या थैल्या लादलेली खेचरं जायची आणि तुम्ही त्यांच्या मागे धावायचात. इथे तो चिमटीने मोजतात. वाटताना कण उडू नये म्हणून कारागिराने श्वास रोखलाय, कपाळावरचा घाम दगडात पडू नये म्हणून पोरगा फडक्याने टिपतोय. तुम्ही बोट दाखवून स्वतःच्या छातीवर हात ठेवता: माझा. म्हणजे माझ्याकडचा. कारागीर दगड चटकन मुठीत घेतो आणि तुम्हाला तिथून हाकलतो. भाषा येत नसली की असं होतं.

पाचव्या दिवशी ऊन लागतं. लागणारच होतं. जिना चढताना पायऱ्या हलतात, कानात छिन्न्यांचा आवाज आतून येतो, आणि पुढचं आठवतं ते खोलीच्या दगडावर पडल्याचं. अंग जळतंय. ओकारी. इथून घर किती लांब आहे याचा हिशेब माणूस परदेशात पहिल्यांदा करतो तो असाच, आडवा पडून. तुम्हाला वाटतं की आता केर कोण काढणार, पात्र कोण धुणार, आणि आपल्याला परत पाठवतील.

पहाटे डोळे उघडतात ते कुणीतरी खांद्याला हात लावल्यामुळे. उपाध्याय. एका हातात दातवणाची काडी, नीट आठ बोटांची. दुसऱ्या हातात तोंड धुवायला पाणी. तुम्ही धडपडून उठायला लागता, ते तुम्हाला दाबून बसवतात. तोंड धुऊन झाल्यावर तुमचं पात्र ते धुतात, पलंगाखाली हात फिरवून मग ठेवतात. तुमचं घामाने भिजलेलं वस्त्र वाळवतात, घडी घालतात, चार बोटं सोडून. ही काही त्यांची मेहेरबानी नव्हे. विनयात लिहिलेलंच आहे की शिष्य आजारी पडला तर जे जे तो गुरूचं करतो ते ते सगळं गुरूने त्याचं करायचं. यादी तीच, माणसं उलटी. मनाविरुद्ध का होईना, ओळन् ओळ पाळतात. म्हाताऱ्याचे गुडघे कटकन वाजतात. दुपारनंतर खाणं वर्ज्य, पण गाळलेली पेयं चालतात. आंब्याचं, जांभळाचं, फालशाचं चालेल असं नावानिशी सांगितलेलं आहे. तेव्हा पोरगा कैऱ्यांचं पन्हं घेऊन येतो, फडक्यातून गाळलेलं, गूळ घातलेलं. त्यातलं निम्मं वाटेत त्याने प्यालंय हे त्याच्या वरच्या ओठावर दिसतं. विनयाने त्यालाही दुपारनंतर एवढी सूट दिलेली आहेच.

सहाव्या दिवशी तुम्ही उभे राहता. सातव्या दिवशी पौर्णिमा, उपोसथ. नदीकाठ सकाळपासून माणसांनी भरलाय: खांद्यावर पोरं, डोक्यावर गाडगी, बैलांच्या घंटा, फुलांचा ढीग, उन्हाने कोमेजलेल्या मोगऱ्याचा वास. छिन्न्या आज थोड्या थंड आहेत. रात्री भिक्षू एकत्र बसून प्रातिमोक्ष, म्हणजे नियमांची यादी, म्हणतील. दिवसभर मात्र ओसरीवर गर्दी. १७ नंबरच्या ओसरीत डाव्या हाताला भिंतीवर भवचक्र, म्हणजे जन्ममरणाचं चाक, रंगवलेलं आहे. तुमच्या काळात त्याचा एक तुकडाच शिल्लक असेल. आज ते अख्खं आहे आणि रंग अजून ओलसर वाटतात. असं चक्र विहाराच्या दाराशी काढावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायला त्याच्याजवळ एक भिक्षू बसवावा, असं विनयात आहे. नेहमीच्या भिक्षूचा घसा बसलाय. उपाध्याय तुमच्याकडे बघतात. भाषा? भाषेला पोरगा आहे.

तुम्ही छडी घेऊन उभे राहता. पोटात गोळा. संस्कृतात एक वाक्य बोलायचं, पोरगा ते गावच्या बोलीत सांगणार. तुमच्या एका वाक्याची तो पाच करतो आणि लोक हसतात, तेव्हा तो नेमकं काय सांगतोय याची काळजी वाटायला लागते. तुम्ही मधल्या वर्तुळावर छडी ठेवता. पारवा म्हणजे आसक्ती. साप म्हणजे द्वेष. डुक्कर म्हणजे मोह, अज्ञान. पोरगा सांगतो. माना डोलतात. मागून एक बाई पुढे येते, हातांना कोपरापर्यंत माती, कडेवर पोर. ती डुकराकडे बोट करते आणि बरंच काही बोलते. लोक गप्प होतात, मग तिच्या बाजूने माना हलवायला लागतात.

‘‘काय म्हणते?’’

‘‘भदंत, ती म्हणते पारवा कळला. साप कळला. डुक्कर अडाणी कसं? तिच्या शेतात रात्री डुकरं येतात. माळ्यावर माणूस जागा असेल तर येत नाहीत. डोळा लागला की येतात. काठाकाठाने येतात, मधलं पीक खातात, बांधावरचं ठेवतात म्हणजे सकाळी पटकन दिसू नये. याला अडाणी म्हणणाऱ्याने कधी राखण केली नसेल, म्हणते.’’ पोरगा क्षणभर थांबतो. ‘‘आणखी एक म्हणाली, ते सांगत नाही.’’

तुम्ही छडी धरून तसेच उभे. पाठ केलेल्या ओळींत याचं उत्तर नाही. आठवडाभरात धर्मावर कुणी सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तो विचारणारी पोर दुसऱ्या कडेवर घेऊन उत्तराची वाट बघतेय. शेवटी तुम्ही हात जोडता. ती हसते, भिक्षेचं गाडगं ओसरीवर ठेवते आणि गर्दीत मिसळते.

उपाध्याय टाक्यावर पात्र विसळत असतात. तुम्ही धावत जाऊन सगळं सांगता. ते पात्र पालथं घालतात, पाणी निथळू देतात.

‘‘चांगला प्रश्न आहे. तिलाच विचार, राखण कशी करते. झोप कशी आवरते. पण या पोराला मध्ये घालू नकोस. तिच्या बोलीत विचार.’’

पोरग्याला याहून मोठा आनंद आयुष्यात झालेला नसणार. संध्याकाळची घंटा व्हायच्या आत तो तुम्हाला पायरीवर बसवतो, स्वतः एक पायरी वर बसतो, उपाध्यायांसारखी मान हलवतो आणि तुमचा नवा पाठ सुरू करतो. पहिला शब्द डुकराचा. तुमचा हेल ऐकून तो कपाळाला हात लावतो, पुन्हा म्हणायला लावतो. पुन्हा. दुसरा शब्द शेताचा असं तो सांगतो, पण तुम्ही तो मोठ्याने म्हणता तेव्हा खालच्या पायरीवरचे पाथरवट खो खो हसतात आणि पोरगा चीवरात तोंड लपवतो. शब्द शेताचा नसावा.